यूपीआय आलं म्हणून टपरी उठत नाही

‘जपानमध्ये ४० लाख व्हेंडिंग मशीन आहेत. आपल्याकडे आता यूपीआय आहे, म्हणजे गल्लोगल्ली मशीन लागणार आणि टपऱ्या उठणार.’ धंद्याच्या ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतो. खाली गुंतवणुकीचं आमंत्रण असतंच.

जपानचा आकडा साधारण बरोबर आहे. पण तिथे माणूस महाग, म्हणून मशीन परवडतं. आपल्याकडे मुंबईच्या लोकल स्टेशनांवरचं एटीव्हीएम बघा. खिडकीवरची गर्दी कमी व्हावी म्हणून तिकिटाचं यंत्र बसवलं, आणि त्याच्यापुढे निवृत्त रेल्वे कर्मचारी कमिशनवर उभे केले. आपण ‘ठाणे रिटर्न’ म्हणायचं, बटणं ते दाबणार.

‘अडचण सुट्ट्या पैशांची होती, ती यूपीआयनं सोडवली.’ सोडवली, मान्य. चुरगळलेली दहाची नोट मशीन परत थुंकायचं. पण यूपीआय २०१६ मध्ये आलं ते सगळ्यांसाठीच. तोच क्यूआर कोड टपरीवरच्या बिस्किटाच्या बरणीलाही चिकटलाय.

‘चोवीस तास विक्री, पगार शून्य, नफाच नफा.’ खरी गोम इथे आहे. पाकिटावर एमआरपी छापलेली असते. वर एक रुपया घेतला तरी वैधमापनवाले (वजनं-मापं आणि छापील किमती तपासणारं सरकारी खातं) दंड करू शकतात. म्हणजे जागेचं भाडं, वीज, मशीनचा हप्ता, माल भरणाऱ्या पोराचा पगार (शून्य कुठला?) आणि स्प्रिंगमध्ये अडकून राहिलेल्या पाकिटाचे परत केलेले पैसे, हे सगळं दहा रुपयांच्या वेफर्समधल्या मार्जिनमधून काढायचं. टपरीवाल्याला हाताशी चहा असतो, त्यावर एमआरपी नसते. शिवाय सुटी सिगारेट असते. तंबाखूचा माल मशीनमधून विकायला आपल्याकडे बंदीच आहे. ऑफिसांमध्ये चहा-कॉफीचं मशीन टिकलं, याचं मला तरी नवल वाटत नाही. कपावर किंमत छापलेली नसते.

उधारीबद्दल बोलायलाच नको.

मशीन चालेल, पण टपरीला जिथे वॉचमन आत सोडत नाही तिथे: मेट्रो स्टेशन, विमानतळ, हिंजवडीतल्या कंपन्यांचे कॅम्पस, मोठ्या हॉस्पिटलचा रात्री दोनचा मजला. अशा जागेचा करार हातात असेल तरच मशीनचं कोटेशन मागवा. मेसेज पाठवणारा आधी मशीन विकतो, जागा तुम्हालाच शोधायला लावतो.