इंग्रजांची मेंढी, आपला घोडा

सोलापुरात 31 मे हा दिवस उन्हापेक्षा शालींनी जास्त तापतो. जुन्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून लिहून टाकली. एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे पारा 42 वर असताना, वरून पंखा गरम हवा ढवळत असताना, एकाच दिवशी निम्मं गाव शाल पांघरून खुर्चीत बसतं. शाल, श्रीफळ, फेटा इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मानपत्राची. ते हल्ली इंग्रजीतून लागतं, कारण मुलगा परदेशात असतो आणि त्याला ते भिंतीवर लावायचं असतं. मग ज्याला इंग्रजी येतं असा गल्लीत बोभाटा झालाय, त्याच्या दारात कागद येतो. "सर, एवढं नजरेखालून घाला की. दोन मिनटाचं काम आहे."

या कागदात 'आउटस्टँडिंग' तीन वेळा येऊन गेलेला असतो. चौथ्या वेळी तोच शब्द बरा दिसत नाही, म्हणून लिहिणारा समानार्थी शब्दांच्या यादीत बोट फिरवतो आणि तिथून एक भारदस्त नग उचलतो: इग्रीजस (egregious). झालं. सरांनी 35 वर्षं इग्रीजस सेवा केली, असं सोनेरी किनारीत छापायला निघतं. त्याचा अर्थ, सरांनी अशी सेवा केली की बघणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. कधीकधी ते खरंही असतं, पण ते मानपत्रात लिहीत नाहीत.

यात यादीचा दोष अर्धाच. शब्दाचं मूळ खरोखरच 'उठून दिसणारा' असं आहे. लॅटिनमध्ये कळपाला 'ग्रेक्स' म्हणतात. कळपातून बाहेर निघालेला, म्हणून 'एग्रेगियुस'. या कळपाची इतर पिल्लं आपण रोज वापरतो. माणसांत रमणारा तो ग्रिगेरियस. गुणपत्रिकेच्या तळाशी बसतं ते अॅग्रिगेट, म्हणजे सगळे गुण एका कळपात कोंबलेले. ओला आणि सुका कचरा 'सेग्रिगेट' करा म्हणून सांगतात, त्यातही कळपातून वेगळं काढणंच आहे. म्हणजे घंटागाडीतसुद्धा मेंढी आहेच.

मेंढी आली की सोलापूरकराला शब्दकोश लागू नये. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या रस्त्यावर गाडी थांबवून काळ्या मेंढ्यांचा कळप जाऊ देण्यात आपलं अर्धं आयुष्य गेलेलं असतं. त्या कळपाबाहेर उभं राहिलेलं जनावर दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे धनगरानं स्वतः पारखून, पैदाशीसाठी बाजूला काढलेला मेंढा. दुसरी म्हणजे कुणाचं लक्ष नाही बघून मालदांडीच्या शाळूत घुसलेली मेंढी, जिच्यामागे शेताचा मालक काठी घेऊन पळतोय. दोन्ही उठूनच दिसतात. लॅटिनमध्ये हा शब्द त्या मेंढ्याचा होता. इंग्रजीत तो शाळूतल्या मेंढीच्या नावावर चढला.

हा फेरफार कुठल्या तलाठ्यानं केला नाही, बहुधा टोमण्यानं केला. सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो स्तुतीसाठीच. पण लोकांनी तो तिरकस सुरात इतका वापरला की सूरच अर्थ होऊन बसला. काही काळ दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदले. शेक्सपिअरचं एक पात्र स्वतःला खुनी म्हणवून घेताना हे विशेषण लावतं, आणि त्याच्या नंतरच्या पिढीतला तत्त्वज्ञ हॉब्ज हेच विशेषण वापरून समोरच्याला म्हणतो की, तुमच्याएवढा थोर गणिती मी नाही. आता त्यात स्तुती किती आणि चिमटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 'लई हुशार आहेस बे' या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, तरी ते ऐकून कुणी पेढे वाटत नाही. पोवाड्यातला 'प्रताप' तलवारीचा असतो. 'चिरंजीवांचे प्रताप' म्हटलं की शाळेतून आलेली चिठ्ठी डोळ्यांसमोर येते. 'दिवे लावणे' तर मुळात शुभच होतं. 'महाभाग'ही भाग्यवानच होता, आता तो चुकीच्या बाजूनं गाडी घालणारा असतो. इग्रीजस हा इंग्रजांचा महाभाग आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

इटलीत मात्र तो मेंढा अजून मेंढाच आहे. तिकडच्या औपचारिक पत्राची सुरुवात 'एग्रेजो सिन्योरे' अशी होते. टेरी टॉवेल बाहेर पाठवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यानं ते वाचून वकील गाठू नये. त्याचा अर्थ 'माननीय महोदय' एवढाच.

आता वापराचं बघू. शब्दाला तीन गोष्टी लागतात, आणि एक कमी पडली तरी तो बसत नाही. गोष्ट वाईट पाहिजे, ती धडधडीत दिसली पाहिजे, आणि आपल्या जातीच्या इतर वाईट गोष्टींपेक्षा कळसाची पाहिजे. चौकातला फ्लेक्स घ्या. 'हार्दिक'मधली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, तर ती साधी चूक. भाऊंचा फोटो ताणून भाऊ आडवे झाले, तर ती ढिसाळ चूक. पण वाढदिवसाच्या भाऊंचा फोटो भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेला, आणि कैलासवासी आबा शेजारी 'शतायुषी व्हा'खाली हात जोडून उभे राहिले, तर ती इग्रीजस. तिथं दुरुस्ती चालत नाही, फ्लेक्स रातोरात उतरवावाच लागतो.

म्हणूनच या शब्दाला 'थोडा' लावता येत नाही. थोडी इग्रीजस चूक म्हणजे थोडासा कडेलोट. 'व्हेरी'सुद्धा लावू नये, भाकरीवर भाकरी झाकल्यासारखं होतं. 'मोस्ट' चालतं, कारण अनेक कळसांतला सर्वांत उंच कळस दाखवायची वेळ येऊ शकते. आणि आजच्या इंग्रजीत तो बहुतेक करून माणसाला लावत नाहीत, त्याच्या करणीला लावतात. एरर, ब्रीच, व्हायोलेशन, अब्यूज, मिसकंडक्ट, फार तर एग्झाम्पल, ही त्याची नेहमीची सोयरीक. त्यामुळे तो मानपत्रापेक्षा नोटिशीत शोभतो. 12 डझन टॉवेलांची ऑर्डर, म्हणजे 144 नग. गठ्ठ्यात 143 भरले तर फोन करून सांगावं. 100 भरून बिल 1440 नगांचं लावलं आणि वर सही-शिक्का मारला, तर वकिलाला हा शब्द खुशाल वापरू द्यावा.

मराठीत याला काय म्हणायचं, हा खरा डोकेदुखीचा भाग. 'ठळक' फार सभ्य आहे, ठळक तर बातम्याही असतात. 'अक्षम्य' चालतं, पण त्यात क्षमा करणारा दिसतो, चूक दिसत नाही. 'धडधडीत' जवळ येतो, विशेषतः खोटेपणाच्या संगतीत. चुकीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे तयार माल आहे: घोडचूक. इंग्रजांनी चुकीला मेंढीवर बसवलं, आपण थेट घोड्यावर. मला आपलं वाहन जास्त पटतं. फक्त एक फरक सांभाळावा. घोडचुकीत मूर्खपणा असतो, लबाडी असेलच असं नाही. इग्रीजसमध्ये बहुधा निर्लज्जपणाही येतो. पैसे खाल्ले तर ती घोडचूक नव्हे. तिथं 'उघडउघड' किंवा 'राजरोस' घ्यावं लागतं.

उच्चार इ-ग्री-जस, तीन तुकडे, जोर मधल्या 'ग्री'वर. एग्रेजियस नाही, एग्रीगियसही नाही. मानपत्रात त्याच्या जागी 'डिस्टिंग्विश्ड' घालावं, म्हणजे सरांची अब्रू वाचते.

पण ही दुरुस्ती सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. "सर, ते छापून झालंय. फ्रेमपण झाली." मग दोन मिनिटांचं काम कशाचं होतं, असं विचारू नये, ते कौतुक करून घ्यायला आलेले असतात. संध्याकाळी निवेदक तो शब्द मोठ्या विश्वासानं 'एग्रीगियस' असा वाचतो. कुणालाच काही कळत नाही, त्यामुळे टाळ्या कडकडून पडतात. सर हात जोडतात. पहिल्या रांगेत, परदेशातून आलेल्या सूनबाई तेवढ्या ओढणी तोंडाला लावून खाली बघतात.