शेवटचा दौरा, आवृत्ती तिसरी

दौरा जाहीर झाला की चाहत्याला आनंद होतो, हा बाहेरच्यांचा गैरसमज. आनंद टिकतो तारखांची यादी उघडेपर्यंत. त्यानंतर सुरू होतं ते निव्वळ कामकाज: रजा, पैसे, मुक्कामाची सोय आणि 'आणखी तारखा लवकरच' या ओळीचा अर्थ लावत बसणं. तो अर्थ मी फुकट सांगतो. मोठ्या शहरात स्टेडियम बहुतेकदा ओळीने चार-पाच दिवस अडवून ठेवलेलं असतं आणि जाहीर होतात दोनच तारखा. त्या संपल्या की 'प्रचंड मागणीमुळे' तिसरी निघते. मागणी खरीच असते, पण तिसरी तारीख आधीपासूनच कुणाच्या तरी खिशात असते. म्हणून पहिल्या सकाळी तिकीट हुकलं तर लगेच गळा काढू नये.

आता ती विक्रीची सकाळ. सगळ्यात आधी एक भ्रम काढून टाका: प्रीसेलचा, म्हणजे सगळ्यांसाठी खुली होण्याआधीच्या विक्रीचा कोड म्हणजे तिकीट नव्हे. कोड म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. आणि ही रांगही नावापुरती. विक्री सुरू होण्याआधी जे जे प्रतीक्षा-पानावर येऊन बसतात, बहुतेक ठिकाणी त्यांच्या नावाच्या चक्क चिठ्ठ्या टाकल्या जातात. पहाटेपासून डोळे ताणून बसलेला आणि दहा मिनिटं आधी चहा पीत आलेला, दोघांना कुठलाही नंबर लागू शकतो. उशिरा येणारा मात्र सगळ्यांच्या मागे. तेव्हा पाऊण तास आधी उठा, दहा मिनिटं आधी पानावर या, आणि मधला वेळ खऱ्या कामाला लावा. आधीच लॉग-इन करा. कार्ड खात्यात साठवून ठेवा, त्याची ऑनलाइन मर्यादा तपासा, बँकेचा ओटीपी येणारा फोन हाताशी ठेवा. व्हीपीएन बंद. ब्राउझर एक, टॅब एक. एकाच खात्यातून सहा टॅब उघडले तर यंत्रणेला तुम्ही तिकिटं लाटणारा बॉट वाटता आणि ती सहाही टॅबांसकट तुम्हाला बाहेर काढते. ऑफिसच्या वायफायवरून चाळीस जण एकदम लागले तरी संशय येतो. अशा वेळी मोबाइलचा डेटा बरा. आणि रिफ्रेश करायचं नाही. पान गोठल्यासारखं दिसेल, रांग दाखवणाऱ्या पट्टीवरचा छोटा माणूस तसूभर सरकणार नाही, बोट शिवशिवेल. नाही म्हणजे नाही.

नंबर लागल्यावर नकाशा उघडतो आणि सगळीकडे मोकळ्या खुर्च्यांचे ठिपके दिसतात. ते खोटे असतात. म्हणजे दोन सेकंदांपूर्वी ते खरे होते. ज्या ठिपक्यावर तुम्ही बोट ठेवता तो आत्ताच कुणाच्या तरी कार्टात गेलेला असतो, आणि 'दुसरी जागा निवडा' वाचत वाचत तुम्ही पाच मिनिटं घालवता. नकाशाच्या नादी न लागता 'उत्तम उपलब्ध जागा' हे बटण दाबावं आणि मिळेल ते घ्यावं. समजा 'संपली' असं आलं, तरी दहा-पंधरा मिनिटं हलू नका. कार्टाला घड्याळ असतं. कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाचं कार्ड नाकारलं जातं, कुणाला किंमत पाहून घाम फुटतो. त्यांच्या जागा परत खाली पडतात. शेवटची संधी कार्यक्रमाच्या आठवड्यात. मंच, पडदे, कॅमेरे नेमके कुठे येणार हे पक्कं होईपर्यंत काही खुर्च्या रोखून ठेवलेल्या असतात. त्या मोकळ्या झाल्या की गाजावाजा न करता विक्रीला येतात. मला विचाराल तर यातल्या काही पहिल्या दिवशीच्या जागांपेक्षा सरस असतात.

किमतीचा घोळ वेगळाच. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या २०२५ च्या दौऱ्याची विक्री झाली तेव्हा लोक तासन्‌तास थांबून आत गेले आणि सुमारे १४८ पाउंडांचं, उभ्याने पाहायचं तिकीट ३५५ ला दिसलं. ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकाने चौकशी केली. उभ्याची तिकिटं दोन दरांनी काढली होती आणि स्वस्त संपली की महाग सुरू होणार होती. हे रांगेतल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा 'जास्तीत जास्त इतके' हा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. कार्टाचं घड्याळ उलटं धावत असताना भल्याभल्यांचं गणित पातळ होतं.

मैदानात गेल्यावर सगळ्यांना मंचासमोरच्या कठड्याला चिकटायचं असतं. चिकटा, गायकाचा घाम दिसेल. गाणं ऐकू येईलच असं नाही. आवाजाचे मुख्य स्पीकर उंच टांगलेले असतात, त्यांचा मारा तुमच्या डोक्यावरून जातो आणि खालचे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, तुमच्या बरगड्या वाजवतात. उत्तम आवाज असतो तो मैदानाच्या मध्यावर, आवाजाच्या मिक्सरच्या मचाणाजवळ, कारण साउंड इंजिनिअर तिथेच उभा राहून स्वतःच्या कानांनी सगळं जुळवतो. आणखी मागे गेलात तर गंमत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. १०० मीटरवरून पाहिलं तर पडद्यावरची काठी ड्रमवर आपटून जाते आणि ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने पोचतो. म्हणून मागच्या खांबांवर जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात.

कानांची गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. १०० डेसिबलला उघड्या कानांची सुरक्षित वेळ सुमारे १५ मिनिटं, म्हणजे चौथ्या गाण्याला कोटा संपला. कानात घालायचा फोमचा बोळा चिमटीत वळून काडीइतका बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. शेजाऱ्याला तुमचा बोळा बाहेर डोकावताना दिसत असेल तर तो नुसता शोभेचा आहे.

तंबूत राहून ऐकायच्या फेस्टिव्हलबद्दल थोडक्यात. तंबू उताराच्या तळाशी लावू नये, शौचालयाच्या वाटेवर तर मुळीच नाही; रात्रभर लोक तुमच्या दोऱ्यांना अडखळतील. मनगटावरच्या प्रवेशपट्टीचं कुलूप एकाच दिशेने सरकतं, त्यामुळे ती उत्साहाने आवळू नये. फोनचं नेटवर्क हजारो लोकांत गुदमरतं, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ आधीच तोंडी ठरवावी. आणि तुमचे दोन आवडते बँड एकाच वेळी दोन टोकांच्या मंचांवर असणार, हे गृहीतच धरा.

उरला बँड फुटण्याचा विषय. चाहत्याची सगळ्यात जास्त शक्ती इथे वाया जाते. निवेदनात 'कलात्मक मतभेद' असेल तर समजावं, पैशावरून किंवा गाण्याच्या श्रेयावरून फाटलंय. 'विश्रांती' असेल तर गायकाचा स्वतःचा अल्बम तयार आहे. ईगल्सचे दोघे ३१ जुलै १९८० ला लाँग बीचच्या मंचावर गाता गाताच, मारामारीला अजून किती गाणी उरलीत हे एकमेकांना सांगत होते. नरक गोठेल तेव्हाच पुन्हा एकत्र येऊ, असं बँडमधल्याच डॉन हेन्लीने नंतर सांगून टाकलं. १९९४ मध्ये ते आलेच, आणि दौऱ्याचं नावच 'हेल फ्रीझेस ओव्हर' ठेवलं. मॉट्ली क्रू यांनी तर २०१४ मध्ये पुन्हा दौरा न करण्याच्या करारावर सह्या केल्या, २०१५ च्या शेवटच्या रात्री निरोप घेतला आणि २०१९ मध्ये व्हिडिओत तो करार स्फोटाने उडवून दिला. किस या बँडचा निरोपाचा दौरा २००० मध्ये सुरू झाला. त्यांचा खरोखरचा शेवटचा कार्यक्रम झाला २ डिसेंबर २०२३ ला, आणि त्याच रात्री त्यांनी आपले डिजिटल अवतार दाखवले. ओएसिस पॅरिसमध्ये फुटले २८ ऑगस्ट २००९ ला. पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा केली २७ ऑगस्ट २०२४ ला. पंधरा वर्षांना एक दिवस कमी.

उलट आर.ई.एम. २०११ मध्ये न भांडता, सामोपचाराने थांबले. त्यानंतर चौघांनी मिळून लोकांसमोर एक गाणं वाजवायला २०२४ उजाडलं, आणि दौरा नाहीच. म्हणून माझा ठोकताळा: बँडमध्ये भांडण असेल तर धीर धरावा, गोडीगुलाबीने संपला असेल तर खुशाल रडावं.

पुनर्मीलनाच्या पोस्टरवरचे चेहरे मात्र मोजून घ्या, कारण नावाची मालकी एकाकडे आणि आवाज दुसऱ्याकडे असं सर्रास होतं. शुगाबेब्जच्या मूळ तिघी २०१२ मध्ये एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःच्या बँडचं नाव वापरता येईना, म्हणून आपापल्या पहिल्या नावांची माळ करून मंचावर उभ्या राहिल्या. गन्स अँड रोझेसच्या गाजलेल्या पाचांपैकी २०१६ च्या दौऱ्यावर तिघे होते, तरी स्टेडियमं भरली. पाचांत तीन म्हणजे पुनर्मीलन. दोन असतील तर ते वकिलाला विचारून ठरतं. आणि एकटा ड्रमर असेल, तर तिकीट आदल्या संध्याकाळीही मिळतं, तेही पुढच्या रांगेतलं.