केवळ चालणे पुरेसे नाही
आठवड्याच्या व्यायामावर तुम्ही छापलेल्या लेखात पाच दिवस कार्डिओ (चालणे, धावणे असा हृदयाची गती वाढवणारा व्यायाम) आणि एक दिवस वजनांचा व्यायाम असे जे वेळापत्रक सुचवले आहे, ते पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांसाठी अपुरे आहे, असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम तर करावाच, पण त्याखेरीज सर्व प्रमुख स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम किमान २ दिवस करावा. आणि नेमका हाच भाग आपल्याकडे बहुतेक घरांत गळून पडतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने घटते, तरीही रोज नेमाने फिरायला जाणाऱ्या स्त्रियांना वजने उचलण्याची गरज कोणी सांगतच नाही.

विश्रांतीवर तर लेखात एकच वाक्य आहे. वास्तविक जड व्यायामानंतर स्नायूंची दुरुस्ती साधारण २४ ते ४८ तास चालू राहते, म्हणून सोमवारी बैठका (स्क्वॅट्स) काढल्या असतील, तर मंगळवारी धावण्याऐवजी संथ चालावे आणि पुन्हा बैठका गुरुवारी काढाव्यात. कार्डिओ आणि वजने हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी करायचे असल्यास, ताकद वाढवू इच्छिणाऱ्यांनी वजने आधी घ्यावीत, कारण धावून थकलेल्या पायांनी बैठक नीट होत नाही आणि गुडघ्यांवर नको तो भार येतो.