छेत्रीला बाहेर बसवायला हवे होते का?

फातोर्ड्याच्या स्टेडियमवर 14 ऑक्टोबर 2025 रोजी भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल करून आघाडी मिळवून दिली होती, पण सिंगापूरच्या सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर एक असे दोन गोल मारून सामना फिरवला. आमच्या कट्ट्यावरचे दोघे जण मुद्दाम आंबोलीच्या घाटाने गोव्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या नेहमीच्या कट्ट्यावर ते आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जागरणापेक्षा अपमान जास्त दिसत होता. दिवाळी तोंडावर आलेली असूनही त्या दिवशी दुसरा विषय निघालाच नाही.

सुरुवात अण्णांनी केली. ते वीस वर्षांपूर्वी आमच्या पेठेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होते आणि अजूनही सामना बघताना त्यांचे लक्ष बॉलपेक्षा बचावफळीवर असते. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: एक्केचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीला, भारताच्या इतक्या वर्षांच्या हुकमी फॉरवर्डला, संघात घेणेच चुकीचे होते. 6 जून 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून तो सन्मानाने बाहेर पडला होता. संपूर्ण देशाने त्याला निरोप दिला होता. मार्च 2025 मध्ये त्याला परत बोलावून फेडरेशनने आणि तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी एका मोठ्या खेळाडूला अवघड जागी उभे केले. बांगलादेशविरुद्ध 0-0, हाँगकाँगमध्ये 0-1, सिंगापूरमध्ये 1-1 आणि आता गोव्यात 1-2, अशा पात्रता फेरीच्या चार सामन्यांत छेत्री खेळला आणि त्याच्या नावावर एकही गोल नाही.

सरांना हे पटणे शक्य नव्हते. सर शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि निवृत्तीनंतरही सकाळी मुलांना घेऊन मैदानावर असतात. त्यांनी शांतपणे विचारले, "अण्णा, त्याला काढून तुम्ही कोणाला खेळवणार होता, ते आधी सांगा." आणि मग त्यांनी हिशेब मांडला. 2024 या सबंध वर्षात भारताने एकही सामना जिंकला नव्हता. छेत्री परतला त्या पहिल्याच सामन्यात, शिलाँगला मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतीत, भारत 3-0 जिंकला आणि तिसरा गोल छेत्रीने हेडरने मारला. तो त्याचा पंच्याण्णवावा आंतरराष्ट्रीय गोल होता. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने 14 गोल केले होते आणि दुसरा कोणताही भारतीय खेळाडू त्याच्या जवळपासही नव्हता. "चाळिशीतला माणूस भारतीय खेळाडूंत सगळ्यांत जास्त गोल करत असेल, तर त्याला बोलावणे ही भावनेपोटी केलेली निवड कशी होईल?" असे सरांनी विचारले, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी कोणाकडेच उत्तर नव्हते.

त्यांचा पुढचा मुद्दा आणखी धारदार होता. ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले आणि मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेला त्यांनी छेत्रीशिवाय संघ नेला. भारत तिसरा आला, ओमानला टायब्रेकरमध्ये हरवले, सगळीकडे कौतुक झाले. पण त्या चार सामन्यांत भारताचे गोल किती झाले? तीन. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते, आणि ओमानविरुद्धचा गोल उदांता सिंगचा, म्हणजे विंगवरच्या, कडेने खेळणाऱ्या, खेळाडूचा. छेत्रीला बाहेर ठेवले तरी सेंटर फॉरवर्डचा, म्हणजे सर्वांत पुढे मधे खेळणाऱ्याचा, गोल आला नाही, हे सरांना दाखवून द्यायचे होते.

येथे अण्णांनी जे सांगितले, ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाटले, कारण ते आकड्यांतून आलेले नव्हते, बचावपटूच्या अनुभवातून आले होते. ते म्हणाले, "सर, स्टॉपरला कोणत्या फॉरवर्डची भीती वाटते ते मला विचारा. पायात बॉल घेणाऱ्याची वाटत नाही. पाठीमागच्या मोकळ्या जागेत पळणाऱ्याची वाटते." छेत्रीचे डोके आजही देशात सर्वांत चांगले चालते, हे त्यांना मान्य होते. पण एक्केचाळिसाव्या वर्षी नव्वद मिनिटे स्टॉपरच्या पाठीमागे पुन्हा पुन्हा धाव घेणे शक्य नसते. म्हणून तो खाली येतो, हाफजवळ येऊन बॉल घेतो, आणि तो खाली आला की समोरचा स्टॉपर निर्धास्तपणे दहा पावले पुढे सरकतो. त्याच्यामागे त्याची सबंध बचावफळी वर येते, मैदान आखूड होते आणि आपल्या मध्यफळीला वळायलाही जागा उरत नाही. छेत्रीने किती संधी घालवल्या हे मोजून हा तोटा दिसणार नाही, कारण तो तोटा इतर दहा जणांच्या खेळात दिसतो. शिवाय लीगचा नवा हंगाम सुरूच झालेला नव्हता, त्यामुळे त्याच्या पायांत सामन्यांची सवयही नव्हती. मार्चमधला छेत्री चौदा गोलांच्या हंगामातून थेट आला होता. ऑक्टोबरमधला छेत्री शिबिरातून आला होता.

सरांनी यावर ऑलिव्हिए जिरूचे उदाहरण काढले. 2018 च्या विश्वचषकात फ्रान्सचा हा सेंटर फॉरवर्ड संपूर्ण स्पर्धेत गोलच्या चौकटीत एकही फटका मारू शकला नाही, तरी दिदिए देशाँ यांनी त्याला खेळवत ठेवले आणि फ्रान्स जगज्जेता झाला. त्याहून जुने उदाहरण पाओलो रॉसीचे: 1982 मध्ये पहिल्या चार सामन्यांत त्याने एकही गोल केला नव्हता, इटलीची वर्तमानपत्रे त्याला काढा म्हणून ओरडत होती, पण एन्झो बेअरझोत यांनी ऐकले नाही आणि पाचव्या सामन्यात त्याने ब्राझीलविरुद्ध तीन गोल मारले. सर हे सांगताना नेहमी भावुक होतात, कारण आमच्या पेठेत त्या काळी निम्मे लोक ब्राझीलचे होते आणि त्या पराभवाचे दुःख त्यांना आजही आहे.

दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती येथे लागू पडत नाहीत असे मला वाटते, आणि तसे मी तेव्हाही म्हणालो. जिरू गोल करत नव्हता, तेव्हा त्याच्या आजूबाजूला ग्रीझमान आणि एम्बापे होते, आणि त्या दोघांनी प्रत्येकी चार गोल केले. जिरूने बचावपटू अंगावर घ्यायचे आणि या दोघांनी मोकळ्या जागेत शिरायचे, हीच योजना होती. रॉसी तर अवघा पंचवीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतला होता. त्याला हवी होती ती सामन्यांची लय, आणि ती चार सामने खेळून आली. पंचविशीतल्या गंजलेल्या खेळाडूला वेळ देणे आणि चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूला वेळ देणे यांत फार फरक आहे, कारण पहिल्याच्या बाबतीत वेळ आपल्या बाजूने असतो.

एवढा वेळ गप्प बसलेला आमच्यातला धाकटा मग बोलू लागला. तो कॉलेजात आहे, पेठेच्या संघात विंगला खेळतो आणि रोनाल्डोचा कट्टर चाहता आहे, त्यामुळे तो काय म्हणणार याचा अंदाज सगळ्यांना होता. पण त्याने उलटच सांगितले. कतारच्या विश्वचषकात 6 डिसेंबर 2022 रोजी स्वित्झर्लंडविरुद्ध पोर्तुगालचे प्रशिक्षक फर्नांदो सांतोस यांनी रोनाल्डोला बाहेर बसवले, त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने तीन गोल मारले आणि पोर्तुगाल 6-1 जिंकले, तेव्हा आपण घरी रडलो होतो, पण निर्णय बरोबर होता, असे तो म्हणाला. सरांनी लगेच चार दिवसांनंतरच्या मोरोक्कोविरुद्धच्या 0-1 पराभवाची आठवण करून दिली. मग 2024 च्या युरोची गोष्ट निघाली, जेथे रोनाल्डो पाच सामने खेळला, गोल एकही नाही, आणि स्लोव्हेनियाविरुद्ध जादा वेळेत त्याची पेनल्टी गोलरक्षक ओब्लाकने अडवली. त्यावर सरांनी जून 2025 च्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध चाळिशीतल्या रोनाल्डोने बरोबरीचा गोल केल्याचे सांगितले. हा खेळ रात्रभर चालला असता. पोर्तुगालकडे रामोस होता म्हणूनच सांतोस यांना तो निर्णय घेता आला, एवढीच गोष्ट मला त्यातून आमच्या प्रश्नासाठी उपयोगाची वाटली.

मग आपल्याकडे रामोस का नाही? याचे उत्तर शोधताना मला 2011 आठवले. दोहाला झालेल्या आशियाई चषकात भारताचे प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी दुखापतग्रस्त बायचुंग भुतियाला संघात नेले. तो बरा झालाच नाही. शेवटच्या सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध अखेरची काही मिनिटे तेवढा तो मैदानावर आला. भारत तिन्ही सामने हरला. पण त्या रिकाम्या जागेत सव्वीस वर्षांचा छेत्री उभा राहिला, बहारीनविरुद्ध त्याने गोल केला, कोरियाविरुद्ध पेनल्टीवर गोल केला, आणि पुढची तेरा वर्षे ती जागा त्याची झाली. ज्येष्ठ खेळाडू त्या दिवशी बाहेर नसता, तर छेत्रीचे काय झाले असते हे सांगता येत नाही. पण जागा मिळाल्याशिवाय त्याने ती भरली नसती, हे नक्की.

छेत्रीनंतर मात्र तशी जागा कोणालाच मिळालेली नाही, आणि त्याला छेत्री जबाबदार नाही. आपल्या लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर असू शकतात आणि बहुतेक क्लब त्यातला एक सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवतात, कारण गोल करणारा माणूस तयार मिळत असेल, तर घडवण्याचा धोका कोणी पत्करत नाही. भारतीय मुलगा मग विंगला जातो किंवा बाकावर बसतो. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा फॉरवर्ड होता. मोठ्या लीगमध्ये त्याला बहुतेक वेळ विंगवर काढावा लागला. त्याच संघातल्या रहीम अलीने 9 ऑक्टोबर 2025 रोजी सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला, तोही बदली खेळाडू म्हणून. आणि आपण शाहू स्टेडियमवर तरी वेगळे काय केले? पेठांच्या संघांतून नायजेरियाचे फॉरवर्ड आपणही खेळवले, त्यांच्या गोलांवर आपणही गुलाल उधळला. हे मी बोललो तेव्हा धाकटा खाली मान घालून बसला होता. तो शाळेत असताना सेंटर फॉरवर्ड होता, हे मला नंतर आठवले.

माझे मत मी लपवत नाही. छेत्री संघात असायला हवा होता, पण पहिल्या अकरांत नको होता. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, जेव्हा समोरची बचावफळी थकलेली असते आणि क्रॉसवर योग्य क्षणी योग्य जागी उभे राहणे पळण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते, तेव्हा त्याच्यासारखा खेळाडू आजही भारतात दुसरा नाही. त्याआधीची सत्तर मिनिटे रहीम अलीला किंवा आणखी कोणा तरुणाला, चुका होतील हे गृहीत धरून, सलग चार सामने द्यायला हवी होती. कदाचित तरीही आपण हरलो असतो, पण मग आज आपल्या हातात चार सामन्यांचा अनुभव असलेला एक फॉरवर्ड तरी असता. सरांना हे पटले नाही. पात्रता फेरीचे सामने शिकवणी वर्गासाठी नसतात, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली कळकळ पाहून मी वाद वाढवला नाही.

त्यानंतर छेत्रीने राष्ट्रीय संघातून पुन्हा निवृत्ती घेतली. 18 नोव्हेंबरला ढाक्यात त्याच्याशिवाय खेळलेला भारत बांगलादेशकडून 0-1 असा हरला. त्या रात्री कट्ट्यावर सर आले, पण "मी म्हणालो होतो" असे ते बोलले नाहीत. फक्त पुढे कोण खेळत होते, त्याने किती वेळा पाठीमागे धाव घेतली, हे ते अण्णांना बारकाईने विचारत राहिले.

अण्णा मात्र त्या रात्री वेगळ्याच काळजीत होते. आमच्या पेठेच्या संघाची निवड त्यांच्याकडे आहे आणि नवा हंगाम जवळ आला होता. संघाचा सेंटर फॉरवर्ड छत्तीस वर्षांचा आहे, गेल्या हंगामात त्याचे गोल आटले आहेत, आणि त्याचे घर अण्णांच्या घरासमोर आहे. त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन अण्णा सामन्यांना गेलेले आहेत. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक निर्णय घेऊन विमानाने निघून जातो. पेठेत ज्याला बाहेर बसवले, त्याच्या घरावरून दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जावे लागते. धाकट्याने त्यांना हळूच विचारले, "अण्णा, पहिल्या सामन्यात मला मधे खेळवाल का?" अण्णांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग सांगितले, की उद्या सकाळी सहाला मैदानावर ये, मी स्टॉपरला उभा राहतो, तू माझ्या पाठीमागे पळून दाखव.