‘ऑक्टोबर ते मार्चच फिरा’ हा सल्ला कुठे चुकतो

मे संपत आला की व्हॉट्सॲपवर सहलीचा एक सल्ला फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. पाऊस ७ जूनला येतो आणि ३० सप्टेंबरला जातो. या चार महिन्यांत कुठेही जाऊ नये, फिरायचं ते ऑक्टोबर ते मार्चच. दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडे बिनधास्त जावं. लडाखला पावसाशी देणंघेणं नाही. आणि सह्याद्रीत जायचंच असेल तर जुलैअखेर जावं, तेव्हा धबधबे भरात असतात. प्रत्येक मुद्द्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच लोक त्यावर विसंबून रजा टाकतात, आगाऊ पैसे भरतात आणि फसतात.

‘७ जून ते ३० सप्टेंबर’

७ जून ही तारीख मृग नक्षत्राची, मोसमी वाऱ्यांची नव्हे. हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्यानुसार पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो, तर मुंबईतून ८ ऑक्टोबरला माघार घेतो. पण ही सरासरी झाली. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मे रोजीच. दोन वर्षांत अख्ख्या महिन्याचा फरक. म्हणून २० मे ते २५ जून या काळातलं कोणतंही आरक्षण रद्द करता येईल असंच करावं.

३० सप्टेंबर ही तर हिशेब बंद करण्याची तारीख. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाची बेरीज त्या दिवशी संपते, पाऊस संपत नाही. हस्त नक्षत्र ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत चालतं आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे शेतकरी ऑक्टोबरअखेरच्या पावसाबद्दल म्हणतात. परतीच्या पावसाची रीतही वेगळी. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर ढग जमतात, मग कडकडाट आणि तास-दोन तास जोराची सर. या दिवसांत गड चढायचा तर पहाटे निघून दुपारी एकच्या आत खाली यावं. माथ्यावर पावसापेक्षा विजेचं भय मोठं असतं.

‘चार महिने कुठेही जाऊ नये’

आषाढी वारी ऐन पावसाळ्यात निघते. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तेही पावसाळ्यातच. दोन्ही प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आळंदीहून निघालेली पालखी दिवे घाट चढली की पर्जन्यछायेच्या, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे कमी पावसाच्या, मुलखात उतरते, आणि सोलापूरकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, जून-जुलैत नाही.

नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच सोडतात. पूर्वेला उतरताना ते कोरडे झालेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पण शंभरेक किलोमीटर पूर्वेच्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास भरतो. जुलैत वेरूळ-अजिंठा, पैठण, तुळजापूर, विजापूर आरामात होतं. तेव्हा महिना पाहण्याआधी गाव डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहावं. कास पठार तर याच काळासाठी आहे. तिथला बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ‘ऑक्टोबर ते मार्च’ पाळणाऱ्याला जेमतेम बहराची अखेर दिसते. मात्र रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा आहे, त्यामुळे ऑनलाइन नोंदणी करूनच जावं आणि शनिवार-रविवार टाळावा.

काही गोष्टी मात्र खरोखर बंद असतात, आणि त्या सल्ल्यात कुठेच नसतात. ताडोब्याचं गाभाक्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. त्याभोवतालच्या बफर क्षेत्राचे काही दरवाजे चालू राहतात. गेटवे ते मांडवा लाँच जून ते ऑगस्ट बंद असते, पण भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट हवामान ठीक असेल तर चालते. सिंधुदुर्ग आणि जंजिरा किल्ल्यांच्या होड्या मेअखेरीस थांबतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून मालवणात जुलैत ताज्या सुरमईची अपेक्षा धरू नये.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक हा वेगळाच घोळ. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि मुसळधार पावसात तो ताशी ४० किलोमीटरवर येतो. मुंबईहून सुटण्याची वेळ फारशी न बदलणारी गाडीही कुडाळ-सावंतवाडीला बऱ्याच उशिरा पोहोचते, आणि परतीच्या काही गाड्या मडगावहून नेहमीपेक्षा लवकर सुटतात. जुनी वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर गेलेल्यांची गाडी चुकते ती इथेच. प्रवासाच्या आदल्या दिवशी आपल्या स्टेशनची वेळ पुन्हा तपासावी आणि त्याच दिवशी पुढचं विमान किंवा दुसरी गाडी ठेवू नये.

‘दिवाळीत दक्षिण सुरक्षित’

सर्वांत जास्त नुकसान या ओळीने होतं. शाळांना सुट्टी, म्हणून रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी, उटी असा बेत ठरतो. आपल्याकडे आकाश निवळलेलं असतं, तेव्हा तमिळनाडूचा पावसाळा नुकताच सुरू झालेला असतो.

जून-सप्टेंबरात तमिळनाडू पश्चिम घाटाच्या आडोशाला असतो. ऑक्टोबरात वारा फिरतो, ईशान्येकडून येऊ लागतो, बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेतो आणि पूर्व किनाऱ्यावर रिता करतो. राज्याच्या वार्षिक पावसातला जवळपास निम्मा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो आणि चेन्नईत सर्वाधिक पाऊस नोव्हेंबरात. वर हाच चक्रीवादळांचा हंगाम. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली, २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ वादळाने पुन्हा तेच झालं. धनुष्कोडी ज्या वादळाने उद्ध्वस्त झाली, तेही १९६४ च्या डिसेंबरातलं, भर नाताळच्या तोंडावरचं. मेट्टुपाळयम-उटी डोंगरी गाडी पाहायची म्हणून अनेक जण दिवाळीत जातात. मेट्टुपाळयम ते कुन्नूर टप्प्यात दरड कोसळून ती बंद पडण्याचे दिवस नेमके हेच. केरळातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी गडगडाटी पाऊस होतो, त्यामुळे मुन्नारला फिरणं सकाळीच उरकावं.

तमिळनाडूसाठी पोंगलची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. सुट्टी दिवाळीचीच असेल तर राजस्थान, माळवा, खजुराहो किंवा विदर्भातली जंगलं घ्यावीत. कच्छचं पांढरं रण मात्र तेव्हा नको. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिथलं पाणी आटलेलं नसतं, मीठ उघडं पडायला नोव्हेंबरअखेर उजाडते.

परदेशातही हीच गल्लत होते. थायलंड म्हणजे एकच हवामान नव्हे. फुकेत आणि क्राबीचा पाऊस ऑक्टोबरनंतर ओसरतो, तेव्हा पलीकडच्या कोह समुईवर तो सुरू होतो आणि नोव्हेंबरात सर्वाधिक असतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. आपल्या पावसाळ्यात जाण्याजोगी जागा ती, आणि आपण जातो नाताळात.

‘लडाखला पावसाशी देणंघेणं नाही’

लेहला वर्षभरात शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो, इथवर बरोबर. पण मनालीचा रस्ता बियास नदीच्या खोऱ्यातून जातो आणि तिथे मोसमी पाऊस पुरेपूर पोहोचतो. जुलै २०२३ मध्ये कुलू-मंडीचे रस्ते अनेक ठिकाणी वाहून गेले. खुद्द लेहमध्येही ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटी झाली. तिथल्या उघड्या-बोडक्या डोंगरांवर माती धरायला झाडं नाहीत, त्यामुळे थोड्या वेळात पडलेला पाऊसही चिखलाचा लोंढा होऊन येतो. जुलै-ऑगस्टात विमानाने लेहला जावं किंवा श्रीनगरमार्गे. उंचीची सवय व्हायला पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. नाल्याकाठच्या सखल जागी तंबू घेऊ नये.

‘जुलैअखेर सह्याद्री’

या तारखा शेजारी ठेवून पाहा. २६ जुलै २००५ : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. ३० जुलै २०१४ : माळीण. २२ जुलै २०२१ : तळिये. १९ जुलै २०२३ : इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ : केरळात वायनाड. पहिली तारीख सोडली तर बाकी सगळ्या दरड कोसळण्याच्या. तोवर डोंगरउतारावरची माती दीड महिना पाणी पिऊन जड झालेली असते. त्यात अतिवृष्टी झाली की मातीचा थर खडकावरून सुटतो. धबधबे ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरातही वाहतात, तेव्हा उघडीपही मिळते आणि दरडीचा धोका बराच उतरलेला असतो. जुलैच्या उत्तरार्धात उताराच्या पायथ्याशी मुक्कामच करू नये.

ओढ्याचं पाणी पायाखालच्या पावसाने नव्हे, वर पठारावर पडलेल्या पावसाने वाढतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी असंच अचानक चढल्याने. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर वस्तू गोळा करत न बसता लगेच काठ चढून वर यावं. निघण्याआधी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. ऑरेंज, म्हणजे रेडच्या खालच्या पायरीचा इशारा असेल तर घाटातला बेत पुढे ढकलावा. मुक्कामी असताना दुसऱ्या दिवसाचा रेड जाहीर झाला आणि परतीचा रस्ता ताम्हिणी, वरंध किंवा आंबेनळीतून असेल, तर आदल्या दिवशी उजेडातच घाट पार करावा.