तांदळाला मिराज कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. 1987मध्ये भारतानं श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यावर विमानांतून शिधा टाकला, त्याला मी लेखात ‘निव्वळ देखावा’ म्हटलं होतं. ‘जाफन्यात माणसं उपाशी होती आणि तुम्ही मदतीतलं राजकारण चिवडत बसलात,’ असं तुम्ही लिहिलंत. एक चूक आधीच कबूल करतो: ‘निव्वळ देखावा’ हे शब्द मी वापरायला नको होते. 1987च्या सुरुवातीपासून श्रीलंका सरकारनं जाफन्याची नाकेबंदी केली होती, 26 मेपासून तिथल्या वडमराच्ची भागात श्रीलंकेच्या लष्कराची तमिळ बंडखोरांविरुद्धची मोहीमही सुरू होती. हाल खरेच होते.

पण हिशेब करून बघा. 4 जूनला पाच एएन-32 मालवाहू विमानांनी टाकलेला माल साधारण 25 टन. फार तर तीन ट्रक भरतील. जाफना जिल्ह्याची वस्ती सात-आठ लाख, म्हणजे माणशी 30-35 ग्रॅम. एक मूठ! तीही पॅराशूटनं, पडेल तिथं. एवढ्यासाठी सोबत मिराज-2000 लढाऊ विमानं आणि विमानात पत्रकार? आदल्या दिवशी रामेश्वरहून निघालेल्या मदतीच्या होड्या श्रीलंकेच्या नौदलानं परत पाठवल्या होत्या, ते दिल्लीला झोंबलं होतं. परराष्ट्र राज्यमंत्री नटवरसिंहांनी श्रीलंकेच्या उच्चायुक्तांना बोलावून उड्डाणाच्या तासभर आधी कळवलं, आणि अडवलंत तर बळानंच उत्तर मिळेल असं बजावलंही. माल जाफन्यावर पडला, निरोप कोलंबोला होता.

तुमचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: त्या दबावानं मोहीम थांबली, मग राजकारण असलं तर बिघडलं कुठे? त्या दिवशी कदाचित कुठेच नाही. पण 29 जुलैला भारत-श्रीलंका करार झाला, भारताची शांतिसेना तिथं उतरली आणि ऑक्टोबरात तीच सेना जाफन्यात ‘लिट्टे’ या तमिळ संघटनेच्या वाघांशी लढत होती. मार्च 1990मध्ये परतेपर्यंत आपले अकराशेवर जवान गेले. हे सगळं त्या मूठभर शिध्यानं घडवलं असं मी म्हणत नाही. मात्र लढाऊ विमानं घेऊन दुसऱ्याच्या भांडणात शिरलं की ‘आम्ही फक्त मदतीला आलोय’ हे ना सिंहलींना पटतं, ना पुढे तमिळांना.

एक गोष्ट मूळ लेखात राहूनच गेली. त्याच जूनच्या अखेरीस श्रीलंकेच्या संमतीनं भारताची मदत जहाजानं जाफन्याजवळच्या कांकेसंतुराई बंदरात उतरली. त्या जहाजाची आठवण आज कुणी काढत नाही; ‘पूमलाई’, म्हणजे फुलांची माळ, हे विमानांच्या मोहिमेचं नाव तेवढं टिकलं. आता तुम्ही म्हणाल, विमानांचा धाक नसता तर ती संमती मिळाली असती का? नसती, बहुतेक.