ते फक्त केळ्यासाठी नव्हतं

आज ३ ऑक्टोबर, जर्मनीत एकीकरणाची सुट्टी, १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले त्या दिवसाची. लाइपझिगला राहून नऊ वर्षं झाली आणि दरवर्षी हा दिवस जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, पूर्वेकडच्या लोकांना एवढं दिलं तरी त्यांचं रडगाणं संपत नाही. काल ऑफिसच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्याकडून ऐकलं आणि डोकंच फिरलं.

१८ मार्च १९९० ला पूर्व जर्मनीत संसदेची पहिली आणि शेवटची मोकळी निवडणूक झाली. ९३ टक्के मतदान! बऱ्याच जणांना वाटत होतं सोशल डेमोक्रॅट येणार, पण पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांच्या बाजूच्या आघाडीला ४८ टक्के मतं पडली आणि ज्यांनी १९८९ मध्ये जीव मुठीत धरून कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध आंदोलन उभं केलं त्यांच्या ‘बुंडनिस ९०’ ला तीन टक्केसुद्धा नाही. त्या रात्री टीव्हीवर पश्चिमेतले सोशल डेमोक्रॅट नेते ओटो शिलींना याचं कारण विचारलं तर त्यांनी खिशातून केळं काढून दाखवलं. म्हणजे काय, तर पश्चिमेच्या दुकानातल्या फळांना भुलून लोकांनी मत दिलं. मला हे आजही सहन होत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी ९ ऑक्टोबर १९८९ ला इथे लाइपझिगमध्ये त्या राजवटीविरुद्ध निघालेल्या मोर्चात होत्या, सत्तर हजार लोक होते, आणि गोळीबार होईल म्हणून हॉस्पिटलांत जास्तीचं रक्त साठवून ठेवलंय अशी बातमी गावभर पसरलेली तरी त्या गेल्या. त्यांची मुलगी तेव्हा हंगेरीमार्गे पश्चिमेत निघून गेली होती. त्या एका वर्षात तीन लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, मग रस्त्यावर घोषणा सुरू झाली, डी-मार्क (पश्चिमेचं चलन) आला तर आम्ही राहतो, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जातो. आजी म्हणतात मला पोरगी परत हवी होती. ही काय केळ्याची हाव आहे?

सगळ्यांचं मत एकच होतं असंही नाही हां. नोव्हेंबर ८९ मध्ये क्रिस्टा वोल्फ, स्टेफान हाईम वगैरे पूर्वेतल्या लेखकांनी आवाहन केलं की आपला देश वेगळा ठेवून सुधारू या, त्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. पश्चिमेत सोशल डेमोक्रॅटचे उमेदवार लाफोंटेन एकीकरणाच्या खर्चाचा इशारा देत होते, ते डिसेंबरच्या निवडणुकीत हरले.

१ जुलै १९९० ला डी-मार्क आला, पगार एकास एक दराने, म्हणजे पूर्वेच्या एका मार्कला एक डी-मार्क. लोक खूश झाले, पण कारखान्यांना तो पगार झेपेना, पूर्व युरोपातलं गिऱ्हाईक डी-मार्कात माल घेईना, आणि ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेकडे साडेआठ हजारांच्या आसपास कंपन्या आणि चाळीसेक लाख कामगार विकायला किंवा बंद करायला आले. नवी घटना लिहा आणि दोन्हीकडच्या जनतेचं मत घ्या अशीही मागणी होती, पश्चिमेच्या घटनेतलं कलम १४६ त्यासाठीच होतं, पण घाईचा रस्ता कलम २३ चा, म्हणजे पूर्वेने पश्चिमेत सामील व्हायचं. पूर्वेच्या संसदेत २९४ विरुद्ध ६२ मतांनी ठरलं, एकत्र देशाची घटना कशी हवी हे जनतेला कुणी विचारलंच नाही.

आजींनी कोलना मत दिलं होतं आणि म्हणतात परत दिलं असतं. पण १९९१ ला त्यांची सूतगिरणी बंद झाली, वय ४६, नंतर पक्की नोकरी कधी लागली नाही. मत दिलं म्हणून याबद्दल बोलायचंच नाही का त्यांनी?

कँटीनमधल्या त्या सहकाऱ्याला शनिवारी आजींकडे कॉफीला घेऊन जाणार आहे. आजी हो म्हणाल्यात, केक पण करणार आहेत.